येऊन राहिली

अमरावतीला राजापेठेतल्या आमच्या घरात माझी नात चित्रकथा काढते. तिची नायिका उडायची, भिंती फोडायची, गोळी लागली तरी तिला काही व्हायचं नाही. पुण्याच्या संपादकाने वही दोनदा परत पाठवली. बाई ताकदवान आहे, पण तिचं काय होईल याची काळजी वाटत नाही, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्यांदा जमलं नाही तर चित्रं बंद आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास, असं तिच्या बापाने ठरवलं होतं.

मी चौथी शिकलेली. तरी वही पाहिली आणि म्हटलं, "हिले कायचंच भेव नाही. मंग हिची हिंमत कायची?"

"तुले तरी कायचं भेव आहे, आजी?"

तेव्हा कोणालाच न सांगितलेलं तिला सांगितलं.

मी दहा वर्षांची होते. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीजवळ आमचं घर. माझी मोठी आई, म्हणजे वडिलांची वहिनी, लकव्याने खाली खाटेवर पडून असायची. घरचे सगळे पातूरला लग्नाला गेले होते. भरदुपारी नदी गल्लीत शिरली. मी माडीवर होते. खालून तिने हाक मारली.

"येऊन राहिली," मी म्हटलं.

तीन पायऱ्या उतरले. चौथीवर काळं पाणी होतं. मी परत वर गेले. तिने पुन्हा बोलावलं, मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्या हाकेलाही तेच. चौथी हाक आली नाही. घरच्यांना मी झोपले होते असं सांगितलं. दहा वर्षांच्या पोरीने तिला उचललं असतं का, ते मला माहीत नाही. मी गेले नाही, एवढं माहीत आहे.

नातीने माझी समजूत काढली नाही. पायऱ्या एकूण किती होत्या, ते विचारलं आणि कागद ओढला.

आता तिची नायिका उडते, पण पाण्यात पाय टाकत नाही. कोणी हाक मारली की म्हणते, "येऊन राहिली." वाचणारा आधी तिचे पाय पाहतो. पानागणिक पाणी बोटभर चढतं.

संपादकाने ते घेतलं. फक्त ते वाक्य त्याला अडलं. आमच्याकडे त्याचा अर्थ 'येतेय'; ती आली आणि तिथेच राहिली, असा अर्थ त्याने लावला होता. त्याऐवजी 'आलेच' लिहा म्हणाला. नातीने मला विचारलं.

"बदलू नको," मी म्हटलं. "आलेच म्हटलं का जा लागते. येऊन राहिली म्हणून माणूस जागीच बसू शकते."

वाक्य राहिलं. पुढचे भागही तिलाच दिले. ती सकाळपासून समोरच्या खोलीत बसलेली असते. माझे गुडघे यंदा गेले. कोणी हात दिल्याशिवाय खाटेवरून उतरता येत नाही.

काल दुपारी मोरीवर जायचं होतं म्हणून हाक मारली.

"येऊन राहिली, आजी."

पेन्सिलीची खरखर थांबली नाही. मी दुसरी हाक मारली. तेच उत्तर, त्याच सुरात, मी सांगितलं होतं तसं.

तिसरी मी मारली नाही.