जाहिराती नाहीत म्हणून घेतलेले शेअर

मैत्रिणींनो, आज दुपारी माझी एक चूक मला कळली, आणि तीही पँटची उंची कमी करायला आलेल्या आबांकडून.

दौंडमध्ये माझं शिलाईचं दुकान आहे. मशीनसोबत रेडिओ दिवसभर चालू असतो. गेल्या वर्षी मी त्याच रेडिओ चॅनेलच्या कंपनीचे शेअर घेतले. कारण काय, तर यांच्याकडं गाणी भरपूर आणि जाहिराती जवळजवळ नाहीतच. तेव्हापासून भाव उतरतोच आहे.

आबा रेल्वेतून रिटायर झालेले. सगळं ऐकून म्हणाले, "गाणी ऐकायचे पैसे तू देतीस का?"

"नाही."

"मग कंपनी जगती कशावर? जाहिरातीवरच ना? त्याच न्हाईत म्हणून तू शेअर घेतले व्हय?"

मी कात्री खाली ठेवली. खूश होते ती ऐकणारी म्हणून, आणि पैसे मात्र मालकीण म्हणून घातले होते.

बरं, घातली ती एका दिवाळीची शिलाई, सगळी पुंजी नाही. बुडाली तरी माझं मशीन चालूच राहील. आबांनी चष्मा पुसला आणि मोबाइलवर कंपनीचा तिमाही निकाल माझ्यासोबत वाचला. जाहिरातींचं उत्पन्न कुठं लिहितात ते सापडलं. आता ते वाचल्याशिवाय नवीन शेअर घ्यायचा नाही.

तुमच्यापैकी कुणी असे आवडीपोटी शेअर घेतलेत का? खरं सांगा.

हे लिहितानाच रेडिओवर यवतच्या एका फर्निचरवाल्याची जाहिरात लागली. आयुष्यात पहिल्यांदाच जाहिरातीला मी आवाज वाढवला.