धाग्याच्या पळीचं वरण

लातुरात क्लासेसच्या गल्लीत खातूनबीची मेस कुठं आहे, हे विचारावं लागत नाही. रविवारी दुपारी नाक नेईल तिकडं जायचं. चाकूर, लोहा, हदगावहून डॉक्टर व्हायला आलेली पोरं-पोरी तिथं जेवतात आणि रविवारच्या मटणापायी चाचणीचा पेपर अर्धवट टाकून येणारेही त्यांत असतात. अशांचं पुढं काय होतं ते विचारू नका.

मेसमध्ये पातेली दोन आणि पळ्या दोन. शाकाहारी पातेल्याच्या पळीला पिवळा धागा बांधलेला. ती पळी चुकूनही दुसऱ्या पातेल्यात जाणार नाही, ही खातूनबीची हमी होती. त्या भरवशावर गळ्यात माळ घातलेले बापसुद्धा आपल्या पोरी तिच्याकडं जेवायला ठेवून बिनघोर गावी जात.

नवं पोर आलं की बाकी बोलणं मागाहून, आधी ती विचारायची, "घरी काय खातूस रं बाळा?" ही सवय भूकंपाची. त्र्याण्णव साली औशाकडचं तिचं माहेर एका पहाटे ढिगारा झालं. आई त्यातच गेली. वाचलेल्या भावंडांजवळ ती पत्र्याच्या शेडात राहिली. मदतीच्या गाड्या येत, जो तो हातावर काहीतरी ठेवून जाई. मनं चांगलीच होती त्यांची, नाही कोण म्हणतं? पण भाकरीवर वाढलेल्या माणसांना तो गोड पाव गिळवेना, आणि तुम्हाला काय खावंसं वाटतंय, असं कुणी विचारलं नाही. घर गेलं म्हणजे तोंडाची चवही गेली, असंच सगळे धरून चालले होते. खातूनबीला ते फार लागलं. तिनं तिथंच तीन दगड मांडले आणि एकेकाला विचारून रांधायला लागली. पुढं लातुरात क्लासेस फोफावले, तशी त्या तीन दगडांची मेस झाली.

अशा बाईच्या छातीत गाठ निघाली. त्या दिवसापासून तिचं सगळंच दुसऱ्याच्या हातात गेलं. दवाखाना मुलानं, मुज्तबानं ठरवला, सुया डॉक्टरांनी ठरवल्या आणि ताट सुनेनं ठरवलं. सून जेबा भारी मायाळू. सकाळी अंडी, दुपारी कलेजी, संध्याकाळी बकऱ्याच्या पायाची यखनी, म्हणजे हाडं उकळून केलेला पातळ रस्सा. "अम्मी, ताकद नको का?" पण औषधाची सलाईन चढली की खातूनबीला मटणाच्या नुसत्या वासानं आतडी पिळवटून येत. रांधणाऱ्या बाईला आपल्याच चुलीपासून तोंड फिरवावं लागे.

मेसमध्ये जेवणाऱ्या लोह्याच्या सृष्टीनं एकदा तिला फोनवर दाखवलं. कुणी बाई सांगत होती की मांस, दूध, अंडी सोडा, जमिनीतून उगवतं तेवढंच खा, कॅन्सर पळतो. खातूनबी म्हणाली, "पळतो का न्हाई ते अल्लाला ठाऊक. पण हे मला गिळवंल." आणि तिथल्या तिथं जाहीर केलं, "आजपासून माझं ताट धाग्याच्या पळीनं वाढायचं. दूध बी नको, तूप बी नको."

घरात हलकल्लोळ. मुज्तबा म्हणाला, "लोक काय म्हणतील, बीमार माँला घासफूस खाऊ घालून राहिले!" प्रकरण डॉक्टरबाईंपुढं गेलं. त्या म्हणाल्या, "जेवणानं गाठ जात नाही, ती औषधानं जाईल. फोनवरच्या बाईला विसरा. पण डाळी, शेंगदाणे पोटात टिकत असतील तर भरपूर खा. मात्र वजन घसरलं तर पुढची सलाईन थांबवावी लागेल. मग मी तुमचं ऐकणार नाही."

"मंजूर," खातूनबी म्हणाली. बाजारात भाव ठरवतात तशी.

जेबाला मात्र काही मंजूर नव्हतं. औषधानं सासूच्या जिभेची चव मेली होती, सगळं लोखंडासारखं लागे. ते हेरून जेबा सासूदेखत धाग्याच्या पळीनं वरण वाढायची आणि वाटी फोडणी द्यायला आत नेऊन तीत गुपचूप यखनी ओतायची; लसणाच्या वासात ती दबून जायची. डोळ्यांत पाणी आणून ओतायची, हेही खरं. पण चव गेली म्हणून नजर कुठं जाते? थंडीचे दिवस. संध्याकाळची उरलेली वाटी सकाळी पाहते तर वर पांढरी चरबी थिजलेली. तुरीच्या वरणावर असलं काही धरत नाही.

खातूनबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी धावत जाऊन तिनं माळकऱ्यांच्या पोरींचं शाकाहारी पातेलं तपासलं. ते स्वच्छ होतं, म्हणून जेबा वाचली. मग ती चुलीपुढं बसून राहिली. त्या मदतीच्या गाड्या तिला आठवल्या. त्यांचीही मनं चांगलीच होती. तिला रडू आलं, रागही आला, पण ती बोलली नाही. भांडण केलं तर पुन्हा सगळे मिळून तिचं ताट ठरवणार. त्यापेक्षा वजनकाट्यालाच बोलू द्यावं.

त्या दिवसापासून जेबाची पाठ वळली की वाटी मुज्तबापुढं सरकायची. "घे रं, मला जास्त झालं." आणि जेबा पोरांना वाढायला गेली की खातूनबी स्वतःसाठी हुलग्याच्या पिठाचं माडगं शिजवायची, त्यात शेंगदाण्याचं कूट घालायची, मेसच्या शाकाहारी पातेल्यातल्या वरणात भाकरी कुस्करायची. तोंडात फोड आले होते, म्हणून मिरची नाही, गरम नाही. कधी सगळं उलटून पडे. तोंड धुऊन ती पुन्हा बसे. भूक कशाची, जिद्दीवर गिळत होती.

वजनाच्या दिवशी मात्र ती काट्यापुढं अडून उभी राहिली. अंगावरची शाल काढायला तयार होईना. नर्सनं रागावून काढायला लावली. काटा थरथरला आणि मागच्या खेपेपेक्षा जरा पुढंच थांबला.

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सलाईन आजच देऊ."

जेबाला हुंदका फुटला. "अम्मी, माफ करा. रोज तुमच्या वरणात यखनी टाकत होते मी. म्हणून तर वजन..."

"तुझी यखनी त्यानं पिली," खातूनबीनं मुलाकडं बोट दाखवलं. "बटणं बघ त्याच्या शर्टाची."

डॉक्टरबाईंनी हसू लपवायला तोंड फिरवलं. मुज्तबा पोट आत घ्यायला लागला. जेबा मात्र हसली नाही. "तुम्हाला कळलं होतं, मग बोलल्या का न्हाई?"

"बोलले होते की, मला काय गिळवंल ते. पहिल्याच दिवशी. कुणी ऐकलं?"

सलाईन लागली. जेबा बाजूच्या स्टुलावर ओढणीचं टोक पिळत बसली होती. मग तिनं सासूचा सुई नसलेला हात हातात घेतला.

"अम्मी, घरी गेल्यावर काय खाणार तुम्ही?"

एवढ्या सुया टोचल्या तेव्हा न रडलेली खातूनबी ढसाढसा रडली. मग ओढणीनं डोळे पुसून म्हणाली, "माडगं कर. जरा पातळच ठेव."