‘दोघंही या’ म्हणणाऱ्या वसुधाताई

डॉ. वसुधाताईंची नि माझी पहिली भेट त्यांच्या नाशिकच्या दवाखान्यात झाली. मी नवखा डॉक्टर, नोकरी मागायला गेलो होतो. ताईंनी विचारलं, “मूल होत नाही म्हणून जोडपं आलं, तर आधी कोणाला तपासाल?”

“बायकोला,” मी म्हणालो.

ताई खळखळून हसल्या. “उद्यापासून या. तुम्हाला शिकवायला पुष्कळ वाव आहे!”

ताई नेहमी नवरा-बायको दोघांनाही बोलावत. इगतपुरीचे रेल्वे कर्मचारी रमेश आणि त्यांच्या पत्नी संगीता (नावं बदलली आहेत) असेच आले. संगीताच्या तपासण्यांत काहीच दोष नव्हता, तरी सासूबाई मुलाचं दुसरं लग्न लावायला निघाल्या होत्या. “माझा पोरगा लय धडधाकट हाय!” त्यांनी बजावलं.

ताईंनी रमेश यांची तपासणी करवली. शुक्रजंतूंची हालचाल मंद होती आणि वीर्यात एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू सापडला.

“पण मला काहीच त्रास नाही!” रमेश चक्रावले. संगीताने त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

ताईंच्या ते लक्षात आलं. “हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. कधी आला, कोणाकडून आला, सांगता येत नाही. तेव्हा संशय नको. मूल न होण्याचं कारण हाच, असंही मी छातीठोक म्हणणार नाही. पण त्याने शुक्रजंतू मंदावू शकतात. बहुतेकदा शरीरच त्याला हुसकावतं. काही महिन्यांनी पुन्हा तपासू. तंबाखू मात्र आजच बंद!”

बाहेर येऊन रमेश यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “आई, कमी माझ्यात हाय. हिला एक शब्द बोलायचा नाय.” सासूबाईंनी सुनेचा हात धरला, “पोरी, लय बोलले मी तुला.”

पुढच्या तपासणीत विषाणू सापडला नाही, हालचालही सुधारली होती. पुढे संगीताला मुलगी झाली. पेढे घेऊन सासूबाईच आल्या. ताईंनी बाळाला उचललं आणि रांगेतल्या प्रत्येक पेशंटला दाखवत दवाखानाभर मिरवलं. त्या दिवशी सगळेच खोळंबले, पण कुणी कुरकुरलं नाही.

माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी ताईंनी माझे पेशंट तर सांभाळलेच, वर आईसाठी रोज गरम खिचडी पाठवली.

ताई, पंचाहत्तरीतही आपण जिने चढताना आम्हाला मागे टाकता. ही उमेद अशीच टिको, प्रकृती ठणठणीत राहो. आपल्या हाताने जगात आलेल्या मुलामुलींच्या लग्नांना आपण मिरवत जा, आणि त्यांच्या घरी पाळणा हलेल तेव्हा बारशाच्या घुगऱ्यांचं पहिलं बोलावणं आपल्यालाच येवो!