आबांच्या वाट्याचा मोगरा

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी सगळी बागायत घरात बसून केली. अंगणात चपलेतूनही पाय भाजायचे, आणि झाडांना द्यायला आंघोळीच्या सांडपाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. आम्ही बाजेवर बसून आंघोळ करायचो. बाजेखाली टब ठेवलेला असे, अंगावरून उतरलेलं पाणी त्यात जमे. तो टब मी खिडकीशी स्टुलावर चढवी, नळी तोंडानं ओढून पाणी आलं की टोक अंगठ्यानं दाबी आणि गजांतून बाहेर झाडाच्या बुंध्याशी सोडी. मग पंख्याखाली ताक पीत बाग भिजताना पाहायची. तोंडाला साबणाची चव राही, पण एवढं सुख मला आधी कधी बागेनं दिलं नव्हतं.

वाटणी मीच केली होती. माणशी एक बादली आणि एक झाड. माझं पाणी कढीपत्त्याला, बायकोचं डाळिंबाला. माझे वडील, आबा, मोठ्यानं शिवनाम घेत सगळ्यांत जास्त वेळ आंघोळ करत, म्हणून त्यांच्या वाट्याला मोगरा दिला. मोगरा बायकोच्या जिवाचा. उदगीरला माहेरी असलेल्या झाडाची फांदी आणून तिनं तो लावला होता. तिकडची मंडळी उदगीर जिल्हा होणार म्हणून वाट पाहत होती. जिल्हा झाला नाही, परसातली विहीर मात्र आटली आणि तिथलं मूळ झाड वाळून गेलं. आता राहिला तो आमच्याकडचा.

आणि तोच मान टाकू लागला.

आबांच्या टबात जेमतेम दोन तांबे पाणी निघे. बादलीभर पाणी दिलं तर बाकीचं जातं कुठं, असं मी त्यांना विचारलं. अंग तापलेलं असल्यामुळं जिरून जातं, असं त्यांनी सांगितलं. मला ते पटलं. म्हाताऱ्या कातडीत किती पाणी जिरू शकेल, याचा मी अंदाजही काढून पाहिला. त्यांच्या पाण्याला साबणाची चव नव्हती. आबांनी झाडासाठी साबण सोडला, म्हणून मी शेजाऱ्यांपाशी त्यांचं कौतुक करून आलो.

बायकोनं हिशेब वगैरे काही केला नाही. दोरीवरचा टॉवेल हातात घेतला आणि आबांसमोर येऊन उभी राहिली.

"आबा, आंघोळ झाली म्हणता, आन् टॉवेल तर कोरडा हाय."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताकाकडं पाहिलं.

"बादली परत पिपात ओततो," ते म्हणाले. "ओल्या फडक्यानं पुसतो अंग. पाणी प्यायला लागतं, सूनबाई. अंग काय पीक हाय का भिजवायला?"

"मग टबातलं?"

"ते तुझ्या नवऱ्यासाठी. रिकामा टब बघितला असता तर विचारत बसला असता."

बायको रागावली नाही. उदगीरचं झाड गेलं, आता एवढंच उरलंय, इतकंच हळू बोलली आणि टॉवेल परत दोरीवर टाकला. आबा उठून खिडकीतून मोगरा पाहून आले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना अंगणात तांब्याचा आवाज आला. खिडकीतून पाहतो तर आबांनी बाज उचलून नेऊन थेट मोगऱ्यावर मांडली होती. वर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून ते स्वतः, खाली मोगरा, मध्ये टब नाही की नळी नाही. शिवनाम चालू होतं. दूधवाला फाटकाशी थांबला, त्यालाही त्यांनी न लाजता राम राम घातला.

आठवड्याभरात पालवी फुटली. बायकोला एवढा हुरूप आला की ती आबांना संध्याकाळच्याही आंघोळीचा आग्रह करू लागली. "मला आता कुंडीत लावा," म्हणत ते वैतागले, पण बसले बाजेवर.

पहिलं फूल उमललं, ते तिनं त्यांच्या पूजेच्या ताटात आणून ठेवलं. आबांनी ते उचलून तिच्याच हातात दिलं.

"माझ्या आंघोळीवर वाढलेलं देवाला कसं चालंल? तू माळ."

तिनं माळलं, आणि दिवसभर मी तिच्या जवळून गेलो की मला आबाच आठवायचे.