माहेरचा मेंढा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी आक्काला एक मेंढा दिला. आक्का माझी थोरली बहीण, कागलच्या पलीकडं सीमेलगतच्या गावात दिलेली. मी कसबा बावड्यात राहतो, शिरोलीच्या फौंड्रीत कामाला जातो आणि घरची थोडी मेंढरं सांभाळतो. मेंढा देखणा होता. टेम्पोतून उतरवला तेव्हा आक्का सासूला म्हणाली, "बघा की, माझ्या भावानं पाळलाय!" माझी छाती फुगली.

श्रावणात तिचा फोन आला. कोकरं मरगळल्यात, जबड्याखाली पाणी साठलंय, जंताचं औषध पाजूनही फरक न्हाय. मी रजा टाकून गेलो. तोवर काही कोकरं गेली होती. जनावरांचे डॉक्टर अंगणात होते. त्यांनी एका मेंढीची पापणी उलटून दाखवली. आत लाली कसली ती नव्हती.

"लेंड्या तपासल्या. जंत रक्त शोषतायत, नेहमीच्या औषधाला दाद देत न्हाईत. नवं जनावर आणलंय का कुठनं?"

मी माझ्या मेंढरांना वर्षानुवर्षं तेच औषध अंदाजानं पाजत आलो होतो. त्यानंही न मरणारे जंत मेंढ्याच्या पोटातून आक्काच्या कुरणात उतरले होते.

आक्काच पुढं झाली. "यंदा आमचंच रान दलदलीचं. तिथंच लागलं असंल."

"रानाला कशाला बोल लावतीस?" सासू म्हणाली. "पावणं, मेंढा तुमचाच न्हवं?"

"व्हय, माझाच," मी म्हणालो.

डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं आणि प्रत्येक जनावराचं वजन करूनच पाजायला सांगितलं. दिवसभर मी एकेक मेंढी गुडघ्यात धरत होतो आणि आक्काची सासू जबडा उघडून औषध सोडत होती. एवढ्या जवळ बसूनही आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

निघताना मी म्हणालो, "मेंढा परत नेतो."

"ऱ्हाऊ दे," सासू म्हणाली. "न्हेलासा तर गावभर बोभाटा हुईल. तिला हितंच नांदायचं हाय."

सासूनंच मला जेवायला बसवलं, दोनदा भात वाढला. मी ताटातून मान वर केली नाही.

दिवाळीपर्यंत उरलेली कोकरं हुंदडायला लागली. आक्का फोनवर कौतुकानं सांगते. मी तिच्या सासूची खुशाली विचारतो, पण त्यांना फोन दे, असं अजून म्हणवत नाही.