बारा अंड्यांखालचा कागद

अकरा फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी साडेअकरा. रक्कम साठ हजार किंवा दोन लाख दहा हजार. हजर : मी, मुंबईच्या एका लिलावघराचे शहासाहेब, टेबलाच्या मालकीण देवलीबाई आणि टेबलाच्या मधल्या कप्प्यात बसलेली तांबडी कोंबडी.

मी डहाणूत व्हॅल्युअर आहे. बँकेला घर, वाडी, मशीन यांची किंमत लिहून द्यायची, हे माझं काम. जुनं फर्निचर वर्षाकाठी एखादं येतं. हे तलासरीजवळच्या एका पाड्यावर, देवलीबाईंच्या ओट्यावर होतं. फ्रेंच धाटणीचं लिहिण्याचं टेबल : बाकदार पाय, कडेला पितळी वेलबुट्टी, वर पत्रं ठेवायचे नऊ कप्पे, त्यातला मधला चांगला रुंद, आणि अर्ध्यावर अडकलेलं गोल झाकण.

टेबल शहांचं लिलावघर विकत घेणार होतं. दोन रकमा का, ते सांगते. जुन्या वस्तूची किंमत लाकडावर कमी आणि मालकांवर जास्त ठरते. कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी कागदावर दाखवता आली, तर भाव तिपटीच्याही वर. आमच्यात याला प्रॉव्हेनन्स म्हणतात. या टेबलाचा पहिला मालक मुंबईतला फ्रेंच जहाज कंपनीचा एजंट. त्याचं लेबल खालच्या फळीला चिकटलेलं होतं. मग एका संस्थानाचे दिवाण. त्यांची पितळी पट्टी होती. मग डहाणूचे एक चिकूबागवाले. त्यांच्या घरातला टेबलासकट फोटो शहांनी मिळवला होता. चौथी मालकीण देवलीबाईंची सासू, पंचक्रोशीतली सुईण.

"बागवाल्यांनी टेबल दिलं याचा कागद आहे का, मावशी?" मी विचारलं.

"हाय की."

"कुठे?"

देवलीबाईंनी हनुवटीनं कोंबडीकडे दाखवलं. "तिच्या खाली. सासू बोललेली, कागद त्या कप्प्यातून हलवायचा नाय. म्हणून वरच पेंढा घातला."

शहांनी हात पुढे केला. कोंबडीनं तो टोचला.

"पाच दिस झाले तिला बसून," देवलीबाई म्हणाल्या. "एकवीस होऊ दे, मग काढा कागद."

मी मनात हिशेब केला. सोळा दिवस. शहांची कॅटलॉगची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. देवलीबाईंना तलासरीतली जुनी भाताची गिरणी घ्यायची होती, एक लाख पासष्ट हजारांना. मालक शनिवारपर्यंतच थांबणार होता. साठ हजारांत गिरणीचा पट्टा आला असता, पण फार पुढे काही आलं नसतं.

"मावशी, कोंबडी मी विकत घेतो," शहा म्हणाले. "अंड्यांसकट."

"घ्या. पण उठवायची नाय. उठवली तर परत बसत नाय ती."

"ती जेवायला उठत नाही का?" मी विचारलं.

"उठते ना. उन्हं डोक्यावर आली की."

मग आम्ही तिघं ओट्याखाली बसून कोंबडीला भूक लागायची वाट बघू लागलो. बारा वाजून चार मिनिटांनी ती उतरली. मी टेप काढला, लांबी, रुंदी, उंची घेतली, पितळ मोजलं. बारा तेराला ती परत जागेवर. नऊ मिनिटं मोजण्यातच गेली, कागद राहिला. बावीस वर्षांत मी मूल्यांकन असं हप्त्यानं कधी केलं नव्हतं. सूप घेऊन बसलेल्या देवलीबाई हसून हसून तांदूळ सांडत होत्या.

दुसऱ्या दिवशी प्लॅन करून गेलो. देवलीबाई अंडी पदरात घेणार, मी कागद काढणार.

"मी अंड्याला हात लावत नाही," शहा आधीच म्हणाले. "आमच्यात चालत नाही."

"मग कोंबडीकडे बघा," मी म्हटलं.

बारा वाजून सात. कोंबडी खाली. देवलीबाई मोजून एकेक अंडं उचलत होत्या. मी पेंढ्याखाली हात घातला, तर प्लास्टिकची पिशवी कप्प्याच्या फटीत अडकलेली. चार मिनिटं गेली. तिकडे कोंबडीचं पोट लवकर भरलं. इस्त्रीच्या शर्टातले शहासाहेब हात पसरून तिच्या वाटेत उभे राहिले आणि गुजरातीत फक्त दोन मिनिटांसाठी अजिजी करू लागले, "बेन, बे मिनिट. खाली बे मिनिट."

"शेठ, दाणे टाका, भाषण नको," देवलीबाई अंड्यांवरून ओरडल्या.

पिशवी सुटली. पण कागद निघाल्यावर घरटं खोल गेलं, ते देवलीबाईंना पटेना. शहांच्या बॅगेतून लिलावघराचा गुळगुळीत कॅटलॉग काढून त्यांनी तळाला घातला. वर पेंढा, वर अंडी. कोंबडी आली, चोच मारून पाहिलं आणि बसली.

बागवाल्यांचं पत्र गुजरातीत होतं. शहांनी उभ्याउभ्या वाचून मराठीत सांगितलं : "या बाईने माझी जुळी मुलं आणि त्यांची आई, तिघांना वाचवलं. पैसे घेतले नाहीत. टेबलाचे कप्पे बघून म्हणाली, औषधी मुळ्या ठेवायला बरे आहेत. म्हणून दिलं. माझ्या घरातल्या कोणी ते परत मागू नये."

देवलीबाईंना वाचता येत नव्हतं. "मुळ्याच ठेवायची ती," एवढंच म्हणाल्या आणि शहांना पुन्हा एकदा वाचायला लावलं.

साखळी पूर्ण झाली. मी रिपोर्ट गुरुवारी दिला. शनिवारी दुपारी देवलीबाईंच्या खात्यात दोन लाख दहा हजार जमा झाले. त्यातले एक लाख पासष्ट हजार चारच्या आत गिरणीवाल्याला गेले. माझी फी तीन हजार, लिलावघराकडून. कोंबडी अर्थातच उठली नव्हती, म्हणून टेबल तिथेच राहिलं.

अठ्ठावीस तारखेला टेम्पो आला. बारातली दहा पिल्लं निघाली होती. टेबल चढवायच्या आधी देवलीबाईंनी शहांना थांबवलं.

"शेठ, शनिवारपासून टेबल तुमचं ना?"

"हो, मावशी."

"मग तेरा दिस माझ्या ओट्यावर ठेवलं, त्याचं भाडं?"

शहांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिपोर्ट उघडून पाहिला. मालक कोण कोण, हे मी पहिल्यापासून लिहिलं होतं. विक्रीनंतर ताबा कोणाकडे आणि कोणाच्या खर्चानं, यावर एक ओळ नव्हती. तेव्हापासून मी ती ओळ आधी लिहिते.

रोजचे पंचवीस, तेरा दिवस. तीनशे पंचवीस रुपये, रोख, देवलीबाईंना.