अकरा जणांना वाचता येत होतं

नऊ वर्षं ती टीव्हीवर रडली. आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी, एका मोठ्या घरातली धाकटी सून होऊन. मालिका संपून जमाना झाला, कानशिलांवर केस पांढरे झाले, तरी आमच्या वस्तीत तिचं नाव धाकटीच. शाळा काढायला ती पहिल्यांदा आली तेव्हा नळावरच्या बायकांनी तिला घेरलं. एक काकू तर चिडून म्हणाली, "इतकी वर्षं सासूचं ऐकून घेतलंस, एकदा तरी उलट बोलायचं होतंस की."

"लिहिणाऱ्यानं लिहिलंच नाही, काकू," धाकटी म्हणाली. "मी काय करणार?"

तिथेच ती मला आवडली. एरवी मला ही टीव्हीवाली माणसं आवडत नाहीत. येतात, पोरांना कडेवर घेऊन फोटो काढतात आणि मग हात धुवायला पाणी मागतात. पाण्यासाठी मोर्चे काढून माझ्या चपला झिजल्यात, आणि यांना हात धुवायचेत.

ती शिंप्याची मुलगी. बाप स्टुडिओसाठी कपडे शिवायचा. एकोणिसाव्या वर्षी ती कपड्यांचं गाठोडं पोचवायला गेली, त्या दिवशी कोणी एक नटी आली नव्हती. दिग्दर्शकानं जमिनीवरच्या खडूच्या खुणेकडे बोट दाखवलं. "तू. इथे उभी राहा आणि वर बघ." ती उभी राहिली, ती नऊ वर्षं.

तिथे कोणालाच माहीत नव्हतं की तिला वाचता येत नाही. शाळा दुसरीत सुटलेली. अक्षरं ओळखायची, पण ओळ लागायची नाही. ती सहायकाला म्हणायची, "दादा, एकदा वाचून दाखव ना. तुझ्या आवाजात बरं लक्षात राहतं." तो बिचारा फुशारून वाचायचा. एकदा ऐकलं की पानंच्या पानं तोंडपाठ. मग कागद हातात धरून, ओळींवरून डोळे फिरवत, ती सगळ्यांसमोर वाचल्याचं सोंग करायची. चार वर्षं कोणाला पत्ता लागला नाही. शेवटी मेकअपमनच्या लक्षात आलं. 'रंग ओला आहे' असं हातभर अक्षरांत लिहिलेल्या पाटीखाली ती भिंतीला खुशाल टेकून उभी राहिली होती.  दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या तोंडाला रंग लावता लावता समोर वर्तमानपत्र ठेवायला लागला. "हं, मथळा सांग. चुकलीस तर भुवया जाड काढीन."

अशी ती वाचायला शिकली. मालिका बंद पडल्यावर काम आटलं, कारण सासूच्या भूमिकेला तिचा चेहरा चालत नाही म्हणे. मग बाहेरून परीक्षा दिल्या आणि छत्तिसाव्या वर्षी शिक्षिकेची पदविका मिळवली. मी स्वतः चौथी पास. पुढचं सगळं पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून आणि कचेऱ्यांच्या नोटिसा वाचून शिकले. त्यामुळे आमचं जमलं.

शाळा म्हणजे खोक्यांच्या गोदामावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर पुठ्ठा कापायचा आवाज. वर अठ्ठावीस पोरं, त्यांत वीस मुली. मोठी शाळा सहापदरी रस्त्याच्या पलीकडे आहे आणि त्या रस्त्याच्या पलीकडे आमची माणसं पोरी पाठवत नाहीत. म्हणजे ही शाळा नसेल तर त्या मुलींना शाळाच नाही. शाळेला तीन वर्षांची तात्पुरती मान्यता होती.

पाठांतर आणि वाचन यांतला फरक धाकटी कानानं ओळखायची. पोर फाडफाड बोलायला लागलं की मधल्याच एका शब्दावर बोट ठेवायची. "हा कोणता?" पोर गप्प. मग ती खाली बसायची, त्याच्या शेजारी, आणि पुन्हा पहिल्यापासून. "मी चोरी करून चार वर्षं काढली, ताई," मला म्हणायची. "यांना तशी भीती नको."

तिसऱ्या वर्षी पत्र आलं. नऊ दिवसांनी अधिकारी येणार, वर्गातल्या निम्म्या मुलांना वाचता आलं पाहिजे, नाहीतर मान्यता रद्द. आम्ही मोजलं. अकरा जण धड वाचत होते. चौदा हवे होते.

"सहा महिने मिळाले असते तर सगळी वाचली असती," ती म्हणाली.

"नऊ दिवस आहेत. धाकटे, तालीम घे. मागच्या वेळचा साहेब चालू धडा वाचून घेऊन गेला होता. पाचवा धडा चालू आहे म्हणून सांगायचं. तुझ्याइतकं हे कोणाला जमतं?"

 "हेच शिकवू त्यांना?"

"शाळा राहिली तर पुढे दुसरं शिकवशील."

हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. वस्तीत सगळे तिलाच बोल लावतात, पण ते शब्द माझे होते.

तालीम सुरू झाली आणि ती शिक्षिका राहिली नाही, नटी झाली. अकरा जण वेगळे उठून दिसू नयेत म्हणून अठ्ठावीस जणांना तुकडे वाटले. कोणी कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं ठरलं. बाईंनी केसांना हात लावला की पुढच्यानं सुरू करायचं. आणि एक नियम, जो तिला नऊ वर्षांत अंगवळणी पडला होता: समोर दिवा फुटो, कोणी पडो, आपलं वाक्य सोडायचं नाही.

अधिकारी आला तो सडपातळ, शांत, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. मी दारात तयार उभी. उर्मट निघाला तर काय बोलायचं ते मी रात्रभर घोळवलं होतं. तो उर्मट निघाला नाही. धाकटीला म्हणाला, "माझी आई तुमची मालिका एक दिवस चुकवायची नाही." आणि खाली पोरांमध्ये बसला.

पहिल्या तिघांनी छान म्हटलं. फार छान. योग्य जागी उसासेसुद्धा. चौथा बोलत असताना साहेबानं त्याचं पुस्तक हळूच मिटलं. पोर बोलतच राहिलं.

साहेबानं कोणाकडे रागानं बघितलं नाही. पुस्तकातला बारावा धडा काढला आणि वस्तीतल्या पत्रेवाल्याच्या मुलीसमोर ठेवला. मला हायसं वाटलं. ही पोर म्हणजे आमचा हुकमाचा पत्ता. खोक्यांवरचे छाप, दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, दिसेल ते वाचायची.

तिनं पुस्तकाकडे बघितलं नाही. बाईंच्या हाताकडे बघितलं.

धाकटीचा हात खाली. केसांना लावला तर पोर पाचव्या धड्यातला आपला तुकडा म्हणणार. नाही लावला तर गप्प बसणार. खाली पुठ्ठा कापायचं यंत्र चालू होतं, तेवढाच आवाज. 

"वाच गं बाळा," धाकटी शेवटी म्हणाली. "समोर आहे ते वाच."

पोरीला वाटलं, आपलं वाक्य सोडतेय का, त्याचीच ही परीक्षा आहे. बाराव्या धड्यावर बोट ठेवून तिनं पाचव्या धड्यातलं आपलं वाक्य स्वच्छ, ठसठशीत म्हटलं. एक शब्द चुकला नाही.

साहेबानं वही काढली. धाकटी म्हणाली, "यांतल्या अकरा जणांना खरंच येतं, साहेब. हिला तर सगळ्यांत चांगलं येतं. तेवढं लिहा."

"कोणते अकरा, ते आता मी कसं ओळखू, बाई?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

महिन्याभरात शाळेला कुलूप लागलं. मी अर्ज दिले, साहेबाच्या वरच्या साहेबाला गाठलं. सगळे अहवालावर बोट ठेवायचे, आणि अहवाल खोटा नव्हता. आठही मुलगे रस्त्यापलीकडच्या शाळेत गेले. मुली सहा.

पत्रेवाल्याची मुलगी त्या सहांत नव्हती. आम्ही दोघी त्याच्या दुकानात गेलो. तो पत्र्याला कडा मारत होता.

"भाऊ, पोर हुशार आहे," धाकटी म्हणाली. "मी रोज रस्ता ओलांडून देईन."

"वाचता येत नाही असं साहेबच लिहून गेला. मग कशाला पाठवू?"

धाकटीनं पिशवीतून त्या दिवशीचं वर्तमानपत्र काढलं आणि पोरीला दिलं. पोर उभ्या उभ्या वाचायला लागली. कुठल्याशा पुलाची बातमी होती. एका लांब शब्दाला अडखळली, मागे आली, पुन्हा फोडून वाचला.

पत्रेवाल्यानं हातोडी थांबवून ऐकलं. मग धाकटीकडे बघून म्हणाला, "हे पण तुम्हीच पाठ करून घेतलं असेल. मला अडाण्याला काय कळतंय."

"आजचा पेपर आहे, भाऊ," मी म्हणाले.

"असेल," तो म्हणाला आणि पत्रा फिरवून दुसऱ्या कडेला लागला.

 पोर वाचत होती. हातोडीच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, पण तिचं बोट ओळीवरून सरकताना दिसत होतं.